मान उचलून दाखवा

डॉक्टर झाल्यावर माझा पहिला अपमान रुग्णाने नाही, ग्रंथपालाने केला. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. इंटर्नशिप संपली, कार्ड जमा केलं, सह्या गोळा केल्या आणि नागपूरच्या आमच्या कॉलेजातून मी बाहेर पडलो. पुढच्याच आठवड्यात एक संदर्भ बघायला परत गेलो, तर ग्रंथालयाच्या दारातच अडवलं. कार्ड नाही तर प्रवेश नाही. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं इथंच बसत होतो, त्या खिडकीजवळच्या पंख्याखाली." ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पास झालात ना? मग आता वाचायचं काय राहिलं?"

गृहस्थ थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. शिकत होतो तोवर जगातली मासिकं माझ्यासाठी टेबलावर मांडून ठेवली होती आणि मी त्यांच्यावर डोकं ठेवून झोपत होतो. आता उद्यापासून लोक माझ्यासमोर जीभ बाहेर काढून बसणार, आणि मला कुलूप.

"त्याईले नका विचारू बाप्पा," मागून आवाज आला. "मलेबी तेच म्हणते ते."

पायऱ्यांवर, कडुनिंबाच्या सावलीत, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई बसली होती. सुती साडी, मांडीवर जेवणाचा डबा, बाजूला काळी छत्री. दिवस थंडीचे होते, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. भाजीच्या पिशवीतून स्टेथोस्कोपची नळी बाहेर डोकावत होती. या उमाटे मॅडम. हिंगणघाटला त्यांचा स्वतःचा लहानसा दवाखाना होता, आणि सवड मिळेल तेव्हा त्या एसटीने नागपूरला येऊन या पायऱ्यांवर बसत. आत जाणाऱ्या पोराला हाक मारायची, हातावर चिठ्ठी ठेवायची आणि म्हणायचं, "बाळा, एवढं पाहून दे मले. मी इथीच बसली हाये." बहुतेक पोरं चुकवून पळत. एखादा भला निघाला की त्याला डब्यातला चिवडा मिळे. कॉलेजात त्यांना 'पायरीवरची बाई' म्हणत, हे मला नंतर कळलं. मी इतकी वर्षं त्याच पायऱ्या चढलो होतो आणि त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर कोणाची तरी आई समजून पुढे गेलो असेन.

त्यांनी मला शेजारी बसवलं, चिवडा दिला आणि सरळ परीक्षाच घेतली. "कापसाच्या पऱ्हाटीवर फवारा मारताना विष चढलेला माणूस. तुम्ही सुया दिल्या, विष उतरलं. शुद्धीवर आला, बोलला, जेवला. मंग तिसऱ्या दिवशी मान काऊन टाकते?"

मी ताजा पास झालेला, गुणही बरे मिळालेले. "असं होत नाही," मी म्हटलं.

"माह्याच पेशंटचं झालं," त्या म्हणाल्या.

"मग विष पूर्ण उतरलं नसेल. किंवा हृदय."

"हेच सगळे म्हणते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही काय करून राह्यले सध्या? नोकरी हाये का?"

नोकरी नव्हती. चिवडा संपायच्या आत लागली. अशी नोकरी लागलेला दुसरा डॉक्टर माझ्या पाहण्यात नाही.

पण जाण्याआधी मी एक काम केलं. माझा एक मित्र अजून इंटर्न होता, त्याच्याकडे कार्ड होतं. त्याला आत पिटाळलं. जगभरच्या वैद्यकीय लेखांची सूची असलेले जाडजूड खंड आत होते. त्यात तो बिचारा दुपारभर शिव्या देत डोकं घालून बसला आणि शेवटी कागदाच्या चिटोऱ्यावर एक मथळा उतरवून घेऊन आला. श्रीलंकेतल्या काही डॉक्टरांचा लेख. विष उतरल्यानंतर काही दिवसांत येणाऱ्या दुबळेपणाबद्दल. मासिक कोणतं, तेही होतं. ते मासिक मात्र ग्रंथालयाने बंद केलं होतं. मॅडमनी चिटोरा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, जिथे त्या एसटीचे पैसे ठेवत.

हिंगणघाटचा दवाखाना म्हणजे जिनिंगच्या शेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दोन मोठ्या खोल्यांची इमारत. हंगामात हवेत सरकीचा वास आणि खिडकीच्या जाळीवर कापसाचे तंतू. मॅडम एकट्याच राहत, दवाखान्याच्या मागच्या बाजूला. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. रुग्णाला त्या 'का बाप्पा' म्हणत, मग तो सावकार असो की हमाल. औषधाच्या एजंटाला उभ्याउभ्या परत पाठवत. तो गुळगुळीत छापलेलं पत्रक पुढे करी, त्या ते उलटंसुलटं बघत आणि विचारत, "याच्यात लिहिलेला मूळ लेख हाये का तुमच्याजवळ? पुरा? नाई? मंग कायले आले बाप्पा एवढ्या उन्हात?" एजंट घाम पुसत बाहेर पडे आणि माझ्याकडे असा बघे की जणू मी काहीतरी मध्यस्थी करावी. माझीच टरकलेली असे.

मूळ लेख मिळवायची त्यांची युक्ती साधी होती. लेखकालाच कार्ड टाकायचं. 'आपला अमुक लेख वाचायचा आहे, कृपया एक प्रत पाठवावी.' त्या काळी लेखकांना स्वतःच्या लेखाच्या सुट्या प्रती मिळत आणि मागणाऱ्याला ते त्या फुकट धाडत. जगभर ही रीत होती, आणि पाच वर्षं डॉक्टरकी शिकूनही मला तिचा पत्ता नव्हता. "मागितलं तर देते लोक," मॅडम म्हणत. "आपल्याले मागाची लाज."

कार्ड हाताने लिहून बोटं दुखायला लागली तेव्हा त्यांनी छापून घ्यायचं ठरवलं. हिंगणघाटातला छापखाना लग्नपत्रिकांचा. मॅडमनी मजकूर इंग्रजीत लिहून दिला, नाव आणि मथळ्यासाठी मोकळी जागा ठेवायला सांगितली. गठ्ठा आला तेव्हा मी शेजारीच होतो. प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर, मधोमध, लाल शाईत गणपती. खाली नक्षीची वेल. आणि त्याखाली, 'प्रिय प्रोफेसर'.

मी कपाळाला हात लावला. मॅडम छापखान्यात गेल्या, मी पाठोपाठ. छापखानेवाला शांत होता. "बाई, गणपतीशिवाय कार्ड मी आजवर छापलं नाई. आमंत्रणच होय ना हे एक परकारचं? आन् त्याचे पैसे लावले नाई मी."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "राहू दे," म्हणाल्या.

अशा रीतीने लंडन, टोकियो आणि कुठल्याकुठल्या शहरांतल्या प्राध्यापकांना हिंगणघाटहून गजानन जाऊ लागले. एकाने लेखासोबत चिठ्ठी लावली होती, की हा हत्ती आपल्या रुग्णालयाचं बोधचिन्ह आहे का? मॅडमनी उत्तर धाडलं, "होय." पाकिटं यायला लागली तसा पोस्टमन तिकिटांसाठी दारात ठाण मांडून बसू लागला, आणि गावात बोलवा झाली की डॉक्टरीणबाईला या वयात परदेशातून स्थळं येताहेत. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की सलाईन लावलेला रुग्णसुद्धा हसायला लागला.

श्रीलंकेचं पाकीट आलं तो दिवस मला अजून दिसतो. सकाळची ओपीडी चालू होती. मॅडमनी तिकिटं फाडून पोस्टमनला दिली आणि व्हरांड्यात उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. वरती छोटी चिठ्ठी होती. त्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की टेबलावर कार्डांचा ढीग पडला होता, त्यात गणपतीचं एकच; आमच्याकडेही त्याची देवळं आहेत, म्हणून तुमचं आधी काढलं. मॅडम हसल्या. मग लेखाकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. रुग्ण खोळंबले. मी बाहेर आलो. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

विष उतरल्यानंतर, एक ते चार दिवसांच्या आत, बरा होत चाललेल्या माणसाचे स्नायू अचानक दुबळे होतात. नेहमीच्या सुयांचा त्यावर उपयोग नाही. आधी मान जाते. उशीवरून डोकं उचलता येत नाही. मग श्वास. तो थांबण्याआधी ओळखलं आणि काही दिवस श्वास देत राहिलं, तर माणूस पूर्ण बरा होतो.

मी ती ओळ वाचली. मी पायरीवर छातीठोकपणे 'असं होत नाही' म्हणालो होतो, तेव्हा हे छापून कितीतरी दिवस उलटले होते.

"तो मरण्याच्याबी आंधी छापलं होतं," मॅडम म्हणाल्या. "लिहून ठेवलं होतं. अन् मी त्याले सुट्टी देली."

तो म्हणजे श्रावण. वणा नदीपलीकडच्या एका गावचा तरुण शेतकरी. मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं, त्या दिवशी मॅडमनी सगळं सांगितलं. फवारताना विष अंगात गेलेलं, तोंडाला फेस. मॅडमनी सुया देऊन, उशापायथ्याशी बसून त्याला परत आणला. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून भाकर मागितली. आमच्याकडे रुग्णाने जेवण मागितलं की तो बरा झाला. नातेवाईक चादरी गुंडाळायला लागतात आणि डॉक्टरही मान डोलावतात. जेवला का? जेवला. मग द्या सुट्टी. मी शिकलो ते शहरात, पण तिथल्या वॉर्डातही हेच चाले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सुट्टी दिली. तो बायकोची थट्टा करत जीपमध्ये बसला. वाटेत त्याची मान तिच्या मांडीवर कलली. तिला वाटलं, थकला, झोपला. गाव आलं तेव्हा तो गेलेला होता.

दुपारी मॅडमनी साडी बदलली, छत्री घेतली आणि म्हणाल्या, "चला. सुभद्राले सांगाचं हाये."

सुभद्रा म्हणजे श्रावणची बायको. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय सांगायचं?"

"हेच. का मान पाहाले पायजे होती, मी नाई पाह्यली."

"मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" हे मी खरंच म्हणालो, माझ्या मालकीणबाईंना. डॉक्टरांना कोर्टात खेचण्याच्या गोष्टी त्या वेळी नुकत्याच कानावर यायला लागल्या होत्या आणि सगळा धंदा बिचकून होता. "तुमची चूकच नाही. पुस्तकात नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं."

"त्याईले माहीत होतं ना," कागदावर बोट आपटून त्या म्हणाल्या. "तुम्ही येता का राहता?"

मी गेलो. भीतीपोटीच गेलो.

सुभद्राबाई अंगणात वेचलेला कापूस निवडत होती. तिशीचीही नसेल. डॉक्टरीणबाई दारात बघून गडबडली, खाट टाकली, चहाचं आधण ठेवायला निघाली. मॅडमनी हाताला धरून बसवलं आणि सांगितलं. आढेवेढे नाहीत, इंग्रजी नाही. असा असा कागद आला. असं असं लिहिलं आहे. आणि मग त्या खाटेवर उताण्या आडव्या झाल्या, दोन्ही हात बाजूला, साडीला कापूस चिकटतो आहे, आणि डोकं वर उचलून धरलं.

"अशी. अशी मान उचलून दाखव, एवढंच म्हणाचं होतं मी त्याले. उचलता आली नसती. मंग मी त्याले जाऊ देलं नसतं. मी म्हणलंच नाई, सुभद्रा. जेवला, म्हणून धाडून देलं."

सुभद्राबाई उठली होती आणि खाली बघत होती, त्या डोकं वर धरून तिच्याकडे. मला वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर कोसळेल. शेजारची माणसं गोळा होतील. पळायची वाट कोणती, तेही मी बघून ठेवलं.

"तो कागद," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाले पह्यले काऊन नाई भेटला?"

मॅडम उठून बसल्या. काय सांगणार? कार्ड जमा केलं म्हणून? ग्रंथालयाने मासिक बंद केलं म्हणून? आम्ही पास झालो होतो म्हणून?

मग तिने चहा केला. कप हातात देताना एवढंच म्हणाली, "आता दुसऱ्या कोणाले धाडता, त मान पाहून धाडत जा बाई."

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात विषबाधेचा रुग्ण कितीही ठणठणीत दिसो, रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याला 'मान उचलून दाखवा' म्हणायचं, आणि जेवला तरी इतक्यात सुट्टी नाही, असा नियम झाला. लोक कुरकुरले. विषाच्या रुग्णाला बाई मुद्दाम अडकवून ठेवते, असंही बोलले. सुभद्राबाई बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला आली की दवाखान्याच्या बाकावर टेकायची. मॅडम आतून हाक मारायच्या, दोघी चहा प्यायच्या. ती उठताना विचारायची, "कोणाची मान पडली का?" मॅडम म्हणायच्या, "नाई." बस, एवढंच. मला हा प्रकार भयंकर वाटे. खरं सांगायचं तर त्या लेखावर माझा विश्वास होता, पण मॅडमच्या मान-प्रकरणाला मी मनातून व्रतवैकल्यातच जमा केलं होतं.

एका फवारणीच्या हंगामात ते व्रत फळलं. गजानन नावाचा विशीतला पोरगा, कालपासून बरा, सकाळी पोटभर वरणभात जेवलेला. काका आणि थोरला भाऊ जीप घेऊन दारात. भाऊ घाई करत होता, पोरगा माझ्याशी हसत बोलत होता. मी सवयीने म्हटलं, "मान उचलून दाखव."

तो हसला. "काय डॉक्टरसाहेब, रोज रोज?" आणि त्याने जोर लावला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोकं उशीवरून हललं नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, त्याला अजून कळलं नव्हतं. ओळ न ओळ वाचलेला प्रकार डोळ्यांसमोर घडत होता आणि मी खिळल्यासारखा उभा. शेवटी ओरडलो, "मॅडम!"

मॅडमनी एकदाच बघितलं. कपाटातून हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी काढली, आणि सुट्टीसाठी आलेली तीच जीप वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याकडे वळवली. अर्ध्या वाटेत त्याचा श्वास तोकडा पडला. मॅडम उशाशी, पिशवी दाबताहेत. त्यांचा हात दुखला की मी, माझा दुखला की काका. काका म्हणाला, "मले नाई जमाचं बाई." मॅडम म्हणाल्या, "बैलाले पाणी पाजता ना? घाई करता का? तसंच. दाब, सोड. दाब, सोड. हाताले कळ लागली त सांगजो, लाजू नको." काका रडत रडत दाबत राहिला.

पोरगा जगला. बरेच दिवस यंत्रावर होता, मग स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्याला वर्ध्याला यंत्रावर लावून परतलो त्या दिवशीच मी आनंदाने वेडा झालो होतो. पेढे आणू म्हणत होतो. मॅडम जीपमधून उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "पेढे मंग. सुभद्राले निरोप धाडा."

पुढे मी सेलूला माझा दवाखाना काढला. तेव्हा माझी समजूत होती की आता त्या कागदांपासून सुटका झाली. कसली सुटका! हिंगणघाटहून एसटीच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं जाई, वर्ध्याच्या स्टँडवर तो दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देई आणि सेलूला गाडी थांबली की खिडकीतून हाक येई, "डॉक्टरसाहेब, बाईचं पाकीट! आजच वाचा म्हणे." आत झेरॉक्स. तळेगावच्या डॉक्टरांकडे अशीच पाकिटं जात. जिल्ह्यातल्या निम्म्या कंडक्टरांना विषबाधेवरचं नवं संशोधन आमच्याआधी हाताळायला मिळत होतं.

मग हिंगणघाटला इंटरनेटचं दुकान उघडलं. मॅडम पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आजूबाजूला चॅटिंग करणारी पोरं-पोरी, मध्ये या, संगणकाच्या कडेला छत्री अडकवलेली. अमेरिकेतल्या एका सरकारी ग्रंथालयाने ती जाडजूड सूची सगळ्या जगाला फुकट उघडी करून दिली होती. ज्या सूचीसाठी त्या पायऱ्यांवर बसत, ती आता बोटाखाली. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, शेजारी बसवलं. मथळा दिसला, त्याखाली सारांश दिसला. त्या लहान मुलीसारख्या हरखल्या. मग पूर्ण लेखावर बोट दाबलं, तर डॉलरमध्ये किंमत आली.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "दुकानाबाहेर पदर टांगून ठेवते, आत गेलं त साडी नाई दाखवत."

त्यांनी नियम केला: नुसत्या सारांशावर कोणाचं औषध बदलायचं नाही. काही मासिकं पुढे पुरती मोकळी झाली, त्यांची नावं त्यांनी भिंतीवर चिकटवली. बाकीच्यांसाठी लेखकांना ई-मेल. त्यात गणपती टाकता येत नाही, याचं त्यांना वाईट वाटे. आणि प्रकाशकांना त्या एक वेगळा मेल धाडत, त्यात मोडक्या इंग्रजीत एकच प्रश्न असे: हा लेख माझ्या रुग्णाच्या बायकोला पाहिजे होता, तो मला आधी का मिळाला नाही? उत्तरं येत ती छापील, आभार मानणारी.

एके दिवशी त्यांचा फोन आला, आवाज चढलेला. गरीब देशांतल्या संस्थांना हजारो मासिकं फुकट द्यायची योजना निघाली आहे. "या लवकर, नाव नोंदू." मी गेलो. देशांची यादी उघडली. दोघांनी वरून खाली वाचली. मग खालून वर. आपला देश त्यात नव्हता. मला वाटलं, पान अर्धवट उघडलं असेल. पुन्हा उघडून बघितलं. नव्हताच. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग छत्री उचलली.

"चला," म्हणाल्या. "आपण श्रीमंत झालो. सुभद्राले सांगून येते."

या वाक्यावर हसावं की काय करावं मला समजेना. त्या खरंच तिकडच्या जीपमध्ये बसून गेल्या.

नव्या शतकाचं पहिलं दशक सरत आलं तेव्हा पाकिटं थांबली. मी आधी सुखावलो, मग अस्वस्थ झालो. शेवटी कंडक्टरनेच सांगितलं, "बाई लय बिमार हाये. गंज बिमार." पोटातला आजार, कळला तेव्हा फार पुढे गेला होता. मी त्याच दुपारी हिंगणघाट गाठलं.

मॅडम त्यांच्याच दवाखान्यात होत्या, खिडकीजवळच्या त्याच खाटेवर, जिथून गजाननला उचललं होतं. इतक्या लहान झाल्या होत्या की मी दारातच थबकलो. नागपूरहून त्यांचा भाचा आला होता, तोही डॉक्टर, भला मुलगा. बाहेर ओळखीपाळखीचे दोन-तीन डॉक्टर दबक्या आवाजात बोलत होते. भाच्याच्या चेहऱ्यावर आशा होती. "आज त्यांनी आपणहून पेज मागितली," तो मला म्हणाला. "चार घास घेतले. उद्या-परवा नागपूरला घरी घेऊन जावं म्हणतो."

आम्ही सगळे डॉक्टर, सगळ्यांना काय ते ठाऊक, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

खाटेच्या पायथ्याशी सुभद्राबाई बसली होती. केस पांढरे झाले होते, मी आधी ओळखलंच नाही. ती उठली, पदर खोचला आणि उशाशी आली.

"जेवल्याचं नका सांगू मले," ती भाच्याला म्हणाली. मग खाली वाकली. "बाई. मान उचलून दाखवा."

भाचा पुढे झाला, मी त्याचा हात धरला. मॅडमनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगेन की त्या हसल्या. मग गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, हनुवटी थरथरली, आणि त्यांचं डोकं उशीवरून वर आलं. बोटभरच. पण आलं. नजर सुभद्राबाईवर. घाम फुटला, ओठ निळसर झाले, भाचा "आत्या, पुरे, पुरे," म्हणत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुभद्राबाईने त्यांच्या मानेखाली आपला तळहात सरकवला.

"झालं बाई," ती म्हणाली. "ठेवा आता."

तेव्हाच त्यांनी मान खाली ठेवली.